डोहाला बोट दाखवू नये

‘माहिती सगळ्यांची असते’ असं कोणी म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. सगळ्यांची म्हणजे नेमकी कोणाची, हे मी एकदा चांगलं पाहून घेतलं आहे.

आमचं गाव ब्रह्मपुरीपासून जीपने तासाभरावर, वैनगंगेच्या काठी. पलीकडचा काठ गडचिरोली जिल्ह्यात. गावात धानवाले वेगळे आणि आम्ही मासोळीवाले ढिवर वेगळे. पावसाळ्यात नदी एवढी पसरते की पलीकडची माणसं ओळखू येत नाहीत, आणि होळी झाली की नुसती रेती उरते, मधून दोन-तीन धारा. पण त्या धारांमध्ये काही ठिकाणी खडक खोल गेलेला आहे. वरून पाहिलं तर पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. खाली मात्र दोन-दोन पुरुष खोली. तेच डोह. नदीतली थोराड मासोळी, पोटात अंडी धरणारी, उन्हाळाभर तिथे जाऊन बसते. होळीपासून पाणी चढेपर्यंत त्या डोहांत कोणी जाळं टाकायचं नाही, हा आमचा नियम. ते बियाणं होतं. शेतकरी बियाण्याची कोठी फोडत नाही, तसे आम्ही डोह फोडत नव्हतो.

डोह कुठे आहेत हे मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक नसे. ते सांभाळणारं एकच माणूस असे. माझ्या लहानपणापासून ते माणूस म्हणजे माझी आत्या. लग्नानंतर चारच वर्षांत ती परत आली, मूलबाळ नव्हतं, आणि आजोबांनी मुलगे बाजूला ठेवून तिला आपल्या डोंग्यात, म्हणजे लाकडी होडीत, बसवलं. का, तर मुलगे दारूच्या गुत्त्यावर बडबड करतात. आजोबांना आपल्या मुलांची चांगली पारख होती. त्यात माझे वडीलही आले.

डोहाच्या खुणा पाण्यावर नसतात, काठावर असतात. अलीकडच्या देवळाचा कळस आणि त्यामागची चिंच एका रेषेत आली, आणि पलीकडचं कवठाचं झाड अमुक खडकाच्या डोक्यावर आलं, की डोंग्याखाली डोह. मी लहान असताना आत्याला विचारलं होतं, झाड पडलं तर?

“मागं दुसरं लावून ठेवलं हाये ना,” ती म्हणाली. “तुया आज्यानंच लावलं. खुणेचं झाड मरायच्या आधी त्याचं पोरगं उभं पाह्यजे.”

आणि एक होतं. डोहाला बोट दाखवायचं नाही. आमच्याकडे कोवळ्या काकडीलाही कोणी बोट दाखवत नाही, दाखवलं तर ती सडते म्हणतात. डोहाचंही तेच. दाखवायचाच झाला तर हनुवटीने, नाहीतर कोपराने. नाव तोंडाने घ्यायचं नाही. आत्या त्या जागी आली की वल्हं थांबवायची, पाण्याला हात लावून कपाळाला लावायची. ज्याला समजायचं त्याने समजून घ्यायचं. मी दहा-बारा वर्षांची असल्यापासून ती मला सोबत न्यायची, पण खुणा जुळवून दाखवत नव्हती. “तुई बारावी होऊ दे,” म्हणायची. आपल्यानंतर डोह या पोरीचे, हे तिने ठरवलेलं होतं आणि सगळ्या मोहल्ल्याला ते ठाऊक होतं. मलाही होतं. शाळेत मी त्या तोऱ्यातच वागायचे.

मी बारावी झाले, पण डोह शिकायचे मागे ठेवून आधी ब्रह्मपुरीला सहा महिने कॉम्प्युटर शिकले. त्या वर्गात चपला बाहेर काढून जावं लागे, गुरुजी कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळून वर्ग सुरू करत. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. मी परत आले तेव्हाच गावात माहिती केंद्राचा प्रकल्प आला होता. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बॅटरीचा मोठा डबा. धानाचे भाव, मोहफुलांचे भाव, मासोळीला गिऱ्हाईक, सगळं त्यातून कळणार होतं. चालवायला गावातली शिकलेली मुलगी हवी होती. गावात तशी एकच होती.

सुरुवातीला गंमतच होती. फोनच्या तारेतून कुईं-कुईं आवाज येई आणि अर्ध्या तासाने एक पान उघडे. त्यात ब्रह्मपुरीच्या बाजारातला धानाचा भाव असे, तोही तीन दिवसांचा शिळा. धानवाले म्हातारे म्हणत, हा तर आमच्या जावयापेक्षाही उशिरा बातमी आणतो. धानावर तुडतुडे पडले की मी सिंदेवाहीच्या भात केंद्राला विचारून औषधाचं नाव छापून देई, ते मात्र लोकांना आवडलं. लाइट गेली की बॅटरीचा डबा टी-टी करू लागे. आत्या दारातून डोकावून म्हणायची, “तुया काम्पुटर रडून राह्यला वो, त्याले काही खाऊ घाल.”

पण खोटं कशाला बोलू, मासोळीच्या बाबतीत त्या यंत्राने खरंच कमाल केली. आदल्या दिवशी मी किती माल निघेल ते कळवायचं, सकाळी नागपूरहून गाडी थेट गावात यायची. बर्फाच्या दोन निळ्या पेट्या आल्या. आमच्या बायका डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव हिंडत होत्या, ते थांबलं. माझ्या आईच्या डोक्याच्या मध्यावरचे केस टोपलीने गेले होते, ते त्या वर्षी परत येऊ लागले. मोहल्ल्यात माझा भाव वधारला. जरा जास्तच वधारला.

प्रकल्पाचे जे मुख्य होते त्यांना आम्ही साहेब म्हणायला गेलो तर त्यांनी हात जोडले. “साहेब नको, दादा म्हणा.” पुण्याकडचे होते, खादीचा सदरा, पायात साध्या चपला. आमच्या घरी जमिनीवर बसून झिंग्यांची भाजी खायचे, तिखटाने डोळ्यांत पाणी यायचं तरी आणखी मागायचे. आत्याला आई म्हणत. मला म्हणत, “तुझ्यासारख्या दहा मुली मिळाल्या तर हा जिल्हा बदलेल.” असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं नाचले.

दुसऱ्या वर्षी दादा एक पिवळा डबा घेऊन आले. मुठीत मावेल एवढा. आकाशातल्या उपग्रहाला विचारून तो आपण कुठे उभे आहोत ते सांगतो, म्हणाले. त्यांनी मला तो अंगणात चालवायला शिकवला. मग चहा घेताना त्यांनी खरी गोष्ट काढली. मासोळी धरायला नदीचा पट्टा दर काही वर्षांनी लिलावात निघतो. आजवर तो आमच्या ढिवरांच्या संस्थेला मिळत आला होता. पुढेही मिळेल याची खात्री काय?

“जे नकाशावर आहे ते तुमचं ठरतं,” दादा म्हणाले. “जे नकाशावर नाही ते कोणाचंच नसतं. तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या डोह राखता, पण कागदावर त्याचा पुरावा आहे का? आपण नकाशा करू. सरकारपुढे ठेवू. मग तुमचे डोह कोणी हिसकावू शकणार नाही.”

मला ते सोळा आणे पटलं. बाहेरचे लोक आमच्या नदीच्या लिलावाला का येत नव्हते, हा विचार मी केलाच नाही. एवढ्या मोठ्या नदीत मासोळी बसते कुठे, हे त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून येत नव्हते. आमचं कुंपण तेच होतं. बारावी झालेल्या, कॉम्प्युटर शिकलेल्या पोरीला हे सुचलं नाही.

आत्या ऐकेना. मी तीन दिवस तिच्यामागे लागले. रडले, रुसले, जेवण सोडलं. शेवटी म्हणाले, “तुझा माझ्यावर भरोसा नाही का?”

ती पाटावर बसून जाळ्याची भोकं शिवत होती. दोरा दातांनी तोडला. मग म्हणाली, “बोट नाई दाखवाचं. तोंडानं नाई बोलाचं. मी आपली वल्हं थांबवीन. तुया डब्याले पाहाचं तं पाहू दे. डब्याले काई बोट नसते.”

ही पळवाट तिने स्वतःच काढली, माझ्यासाठी. आज मला वाटतं, आमच्या मोहल्ल्याबाहेरच्या कोणी अशी चूक केलीच नसती. बाहेरच्याने सरळ हो म्हटलं असतं नाहीतर सरळ नाही. आम्हाला नियमही पाळायचा होता आणि पोरीचं मनही मोडायचं नव्हतं.

दोघी डोंगा घेऊन निघालो. खालच्या अंगापासून वर वर गेलो. आत्या वल्हं थांबवी, पाण्याला हात लावून कपाळाला लावी, आणि मुद्दाम दुसरीकडे बघे. मी डबा छातीशी धरून बटण दाबी. डबा टिक करी. एक. मग दोन. असे आठ झाले. परत येताना मला सरळ धारेतून यायचं होतं, पण आत्याने डोंगा रेतीच्या बेटामागून वळवला. “तिकडं उथळ हाये, डोंगा लागते,” म्हणाली. घरी येऊन मी आठही जागा कॉम्प्युटरवर चढवल्या, एक ते आठ आकडे दिले, आणि रंगीत नकाशा छापून दादांच्या हातात ठेवला. दादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात पट्ट्याचा लिलाव झाला. आमची संस्थाही बोली लावायला गेली होती, नेहमीसारखी. पट्टा एका मोठ्या मासोळी कंपनीने घेतला. त्याच कंपनीची गाडी नागपूरहून रोज सकाळी आमच्या गावात येत होती, निळ्या पेट्या तिच्याच होत्या. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, घेऊ दे, नदीत काय डोकं फोडतील का, त्यांना काय सापडतंय? मीही तेच म्हटलं. दादांना फोन केला तर ते म्हणाले की बाहेरगावी आहे, येऊन बोलतो. आले नाहीत.

होळी झाली. धुळवडीनंतर चौथ्या दिवशी काठावर तीन जीपगाड्या उतरल्या. मोटर लावलेली होडी, बारीक भोकांची लांबलचक जाळी, परक्या मुलखातली माणसं. त्यांच्यातल्या एकाच्या हातात पिवळा डबा होता. दुसऱ्याच्या हातात कागद. मी धावत गेले आणि त्या कागदाकडे पाहिलं. माझाच नकाशा होता. डोहांना दिलेला निळा रंगसुद्धा मीच निवडलेला.

त्यांनी खालच्या अंगापासून सुरुवात केली. एक. मग दोन. माझ्याच क्रमाने. सगळा मोहल्ला काठावर उभा होता. आमच्या पोरांनी दगड उचलले, पण पट्टा त्यांचा होता, कागद त्यांचा होता, आणि सोबत दोन पोलीसही होते. जाळं वर आलं तेव्हा त्यात गुडघ्याएवढे रोहू होते, पोटं फुगलेली. काही जागच्या जागी फुटले आणि रेतीवर अंडी सांडली. बायका तोंडात पदर कोंबून रडत होत्या. तीन दिवसांत आठही डोह रिकामे झाले. माणसं काही वाईट नव्हती, त्यातल्या एकाने मला विचारलं, बाई, इथे प्यायचं पाणी कुठे मिळेल?

आत्या तीनही दिवस काठावरच्या दगडावर बसून होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या शेजारी जाऊन बसले. म्हणाले, “आत्या, मी बोट नाही दाखवलं गं.”

तिने माझा उजवा हात हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला.

“बटन कायनं दाबलंस?” तिने विचारलं.

एवढंच. त्यानंतर त्या गोष्टीबद्दल ती माझ्याशी कधीही बोलली नाही.

मी नागपूरला गेले. पहाटेची एसटी पकडून, पत्ता विचारत विचारत, त्या प्रकल्पाच्या ऑफिसात. दादा होते. मला पाहून त्यांना खरंच आनंद झाला, हे मला अजून समजत नाही. चहा मागवला. मी सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला, शेजारच्या टेबलावरचे लोक बघू लागले.

“अगं, वाईट झालं,” ते म्हणाले. “पण नकाशा अहवालात होता. अहवाल सगळ्यांसाठी खुला असतो. माहिती ही सगळ्यांची असते. आणि सर्व्हेचा खर्च त्या कंपनीनेच केला होता, ते तर पहिल्यापासून आपले भागीदार होते.”

“तुम्ही सांगितलं नाही.”

“तू विचारलं नाहीस.”

मग त्यांनी कपाटातून अहवाल काढून मला भेट दिला. गुळगुळीत कागद, वर आमच्या डोंग्याचा फोटो. आत एका ओळीत लिहिलं होतं की नकाशा स्थानिक महिलांच्या सक्रिय सहभागातून तयार झाला. मी तो तिथेच टेबलावर ठेवला आणि बाहेर आले. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. शिवी दिली असती तर मला शिवी देता आली असती, चहा दिल्यावर काय करायचं?  पण दादांवरचा राग मला ब्रह्मपुरीपर्यंतही पुरला नाही, भिवापूर यायच्या आतच तो माझ्यावर उलटला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मी शाळेत दहा वेळा लिहिली होती. एसटीच्या काचेला डोकं टेकवून मी ती अकराव्यांदा म्हटली.

पुढची दोन वर्षं वाईट गेली. पाणी चढलं पण पिलं दिसेनात. कंपनीचं नदीत काही उरलं नाही तशी तिने पट्टा सोडला, गाडी बंद झाली, पेट्या नेल्या. पंचायतीतल्या कॉम्प्युटरवर धूळ बसली. आई पुन्हा टोपली घेऊन हिंडू लागली. कोणी माझ्या तोंडावर काही बोललं नाही. मी विहिरीवर गेले की बायका धानाच्या रोवण्याबद्दल बोलू लागत, एवढंच.

तिसऱ्या वर्षी नदीत पुन्हा पिलं आली. मी म्हटलं, देवाची कृपा. चौथ्या वर्षी माझ्या भावाच्या जाळ्यात चांगले हातभर रोहू आले. आता ही मासोळी कुठून आली? आठही डोह माझ्या डोळ्यांसमोर रिकामे झाले होते. मी भावाला विचारलं, तर तो म्हणाला नदी आहे, येते कुठून तरी. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मग मला रेतीच्या बेटामागून वळवलेला डोंगा आठवला. तिकडे उथळ नव्हतं. त्या धारेतून आम्ही आधी शंभरदा आलो होतो.

आत्याने एक डोह ठेवून घेतला होता.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. नदी वाचली, आई-भाऊ वाचले. पण त्याच्याही आधी जे वाटलं ते सांगते. मला फसवल्यासारखं वाटलं. भरोसा आहे का, असं मी विचारलं होतं, आणि ती वल्हं घेऊन निघाली होती, म्हणजे आहे असंच मी धरलं होतं. तो नव्हता. माझ्या हातून काही घडायच्या आधीपासूनच नव्हता. दादांनी मला फसवलं ते कळायला एक वर्ष लागलं, आत्याचं कळायला चार. ती बरोबर होती, म्हणून तर जास्त झोंबलं.

मी तिला काही विचारलं नाही. वाट पाहत राहिले. वाटायचं, कधीतरी बोलावील. डोह तर माझेच होते ना.

मग आत्याचे गुडघे गेले. एका माघात सकाळी ती काठी टेकत आमच्या अंगणात आली. वहिनी भांडी घासत होती. वहिनी गडचिरोलीकडची, चौथी शिकलेली, दिवसभरात दहा शब्द बोलणार. आत्या तिला म्हणाली, “हात धू वो पोरी. डोंग्यात चाल.”

मला कळलं. मी आत जाऊन वल्हं घेऊन आले. तिघी काठापर्यंत गेलो. वहिनीने आत्याला धरून डोंग्यात बसवलं. मी वल्हं ठेवून एक पाय आत टाकला.

“तू राहू दे,” आत्या म्हणाली.

आवाजात राग नव्हता. लहानपणी ताटातला मोठा तुकडा माझ्याकडे सरकवायची तेव्हाही अशीच म्हणायची, राहू दे, खा. मी पाय मागे घेतला. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि वल्हं उचललं.

डोंगा रेतीच्या बेटाकडे निघाला. कळस कुठे, चिंच कुठे, कवठ कुठे, मला सगळं ठाऊक होतं. डोंगा थांबला असता तर एका नजरेत मला रेषा जुळवता आल्या असत्या, डब्याशिवाय. वल्ह्याचा आवाज दूर दूर गेला, आणि मग थांबणार असं वाटलं.

मी नदीकडे पाठ केली. दोन्ही मुठी पदरात बांधून, गावाकडे तोंड करून, त्या दोघी परत येईपर्यंत तशीच उभी राहिले.